एक हाक राखून ठेवणारी डबी

मित्रांनो, बेळगुंदीच्या मालुबाईंच्या गळ्यात काळ्या गोफाला अडकवलेली, साबणाच्या वडीएवढी एक वस्तू तुम्हाला दिसेल. ती मी. मी एक जुनी बोलकी डबी आहे. माझ्या कडांचा रंग उडाला आहे, पाठीवर दोन ओरखडे आहेत आणि माझी बॅटरी एकदा बदलून झाली आहे. तरी कुणी वेळ विचारली, तर अजून मी खणखणीत आवाजात सांगते.

माझा जन्म बेळगावच्या उद्यमबागेत, एका लहानशा कारखान्याच्या माळ्यावर झाला. मला घडवणारीचे नाव समता. ती मूळची निपाणीची. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना नुसत्या बोलण्याने कुणालाही फोन लावता यावा, एवढ्यासाठी तिने मला घडवले. कवच, चिप, माइक, स्पीकर आणि बॅटरी हे माझे अंग एका दिवसात जोडून झाले. शहाणपण यायला मात्र आठ महिने लागले. कधी ऐकायचे, कधी बोलायचे, कधी झोपायचे हे आम्हा यंत्रांना आतून सांगणाऱ्या सूचना असतात. त्यांना फर्मवेअर म्हणतात. त्या सूचना समता एकेक ओळ करून लिहीत होती.

सुरुवातीला मला फक्त पुस्तकातले 'होय' आणि 'नाही' कळत असे. समता मला निपाणीला तिच्या आजीकडे, कोंडाबाईंकडे घेऊन गेली. कोंडाबाईंनी सारी उमर तंबाखूच्या वखारीत काढली होती. आवाज थोडा घोगरा, पण दमदार.

"आज्जी, हिच्याशी बोल. तिनं विचारलं की हो म्हण."

"व्हय," कोंडाबाई म्हणाल्या. मी गप्प.

"बरं, आता नको म्हण."

"न्हाय!" मी तरीही गप्प.

"अगं समता, हिला मराठीच येत न्हाय की गं!" कोंडाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

समताही हसली, पण ती गोष्ट तिच्या मनाला लागली. तिने त्याच गल्लीत आठवडाभर बसून बायकांचे आवाज गोळा केले आणि मला आपल्याकडची बोली शिकवली. आता मला 'लई' कळते, 'कवा' कळते आणि 'गेलते, आलते'ही कळते.

दुसरी अडचण भुकेची होती. माझी बॅटरी लहान. म्हणून समताने मला झोपायला शिकवले. झोपेत माझा फक्त कान जागा असतो. आपले ठरलेले नाव कानावर पडले, की तो सगळ्या अंगाला उठवतो. पण मी झोपेतही भरमसाट वीज पीत होते. समता मीटर लावून तासन् तास बघत बसायची. शेवटी तिला दिसले, की बोलून झाल्यावर मी स्पीकर गप्प करत होते, पण त्याला ताकद देणारा भाग चालूच राहत होता. नळ बंद केला आणि पंप तसाच ठेवला, असा प्रकार. तिने तो भाग बंद करायला सांगणारी ओळ लिहिली आणि मीटरचा आकडा एकदम खाली आला. एकदा पोटभर जेवल्यावर मी पाच दिवस टिकू लागले. त्या दिवशी समताने मला तळहातावर घेऊन चक्क एक गिरकी घेतली.

मग मी मालुबाईंच्या घरी आले. मालुबाईंची नजर सहा वर्षांपूर्वी गेली. पण त्यांचे हात असे, की रताळी काढायच्या दिवसांत ढिगाजवळ बसून नुसत्या चाचपणीने त्या लहान-मोठी रताळी वेगळी करत. कुठले आतून किडले आहे तेही बोटांनी ओळखत. घरापासून रानापर्यंतची बांधावरची वाट त्या काठी टेकत एकट्या जात. ती वाट चालणे हाच त्यांचा आनंद होता. काही झाले तर शेजारच्या रानातल्या रवळूला हाक मारता यावी, म्हणून मी त्यांच्या गळ्यात होते.

"आज्जी, हिला काय नावानं हाक मारणार?" समताने पहिल्या दिवशी विचारले. घरातली सगळी माणसे तेव्हा रानात होती.

"थोरल्या भनीसारखी सोबत करणार म्हनतीस न्हवं? मग आक्काच म्हनते की," मालुबाई म्हणाल्या.

समताने ते नाव मला शिकवले. कारखान्यातल्या शांत खोलीत तपासून पाहिले. सगळे ठीक होते. इथेच आमचा घात झाला.

मित्रांनो, पुढचे मी ऐकून सांगते आहे, कारण ते घडले तेव्हा माझ्यात प्राण नव्हता. मालुबाई रानातून परतत होत्या. बांधाकडेची माती ढासळली आणि त्या चरात पडल्या. पाय मुरगळला. उठता येईना. "आक्का," त्यांनी मला हाक मारली. "आक्का गं, रवळूला बोलीव." मी काहीच बोलले नाही. माझी बॅटरी संपली होती. आदल्याच दिवशी मला भरपेट चार्ज केले होते, तरी संपली होती. दोन तास त्या उन्हात बसून होत्या. रवळू टेंपो घेऊन रताळ्याची पोती भरायला आला, तेव्हा त्याला त्या दिसल्या.

घरी त्यांची सून रुक्माबाई संतापली. तिची चूक नव्हती. सासूवर तिचा फार जीव होता.

"डबी न्हाय, डबडं हाय हे!" तिने मला गळ्यातून काढून खिळ्याला अडकवले. "आत्ती, आजपासनं रानात जायाचं न्हाय. घरात बसून ऱ्हावा."

चौदा दिवस मी खिळ्याला लटकले. माझ्यावर चुलीचा धूर बसला, एका कोळ्याने माझ्यापासून शिंकाळ्यापर्यंत जाळे विणले. समता मला घ्यायला आली, तेव्हा तिने मला तिथेच चार्ज केले. त्या चौदा दिवसांतले सगळे मालुबाईंनी आपल्या पलंगावर बसून मला नंतर सांगितले. रोज सकाळी त्या घरच्यांना एकच वाक्य म्हणत: "मला दाराबाहेर तरी बसवा."

समता आली, तेव्हा तिने कुणालाही दोष दिला नाही.

"आज्जी, चूक माझी हाय. काय चूक ते अजून कळलं न्हाय. आजचा दिवस तुमच्या घरात बसू का?"

"बस की पोरी. घर काय पळून जातंय व्हय?"

समताने मला संगणकाला जोडले. मी किती वेळा जागी झाले, याची नोंद माझ्या पोटात असते. एका दिवसात दोनशे चौदा वेळा! समताचा विश्वास बसेना. मालुबाई तर दिवसातून चार-पाच वेळाच मला हाक मारत. मग ती जोत्यावर चहाचा कप घेऊन बसली आणि नुसती ऐकत राहिली.

"आक्का, चहा झाला का?" मागून रुक्माबाईचा एक दीर ओरडला. मी जागी झाले.

"आक्का, म्हस सुटली!" मी जागी झाले.

"आक्का, इळा कुठं ठेवलास गं?" शेजारीण कुंपणापलीकडून विचारत होती. मी पुन्हा जागी झाले.

समताचा कप हातातच राहिला. "वैनी, तुम्हाला सगळी आक्का म्हणतात?"

"सगळी म्हंजे सगळी," रुक्माबाई म्हणाली. "थोरली सून न्हवं मी? फकस्त आत्ती तेवढ्या रुक्मा म्हनतात."

प्रत्येक 'आक्का'ला मी झोपेतून उठत होते, सगळे अंग जागे करत होते, कान टवकारून सूचनेची वाट बघत होते आणि पुन्हा झोपत होते. त्यातच माझी ताकद संपत होती. मालुबाईंना हे कळले, तेव्हा त्या मोठ्याने हसल्या. पडल्यापासून पहिल्यांदाच.

"यंत्र बिचारं गुणाचं हाय. आमचंच घर बोलघेवडं!"

"पण आज्जी, तिनं संपायच्या आधी सांगायला पायजे होतं," समता म्हणाली. "ते मी तिला शिकवलंच न्हाय."

मालुबाई जरा विचार करून म्हणाल्या, "हे बघ. घरातली बाई सगळ्यास्नी वाढती. पर आल्यागेल्यासाठी एक भाकरी टोपलीत झाकून ठेवती का न्हाय? कुणी कितीबी मागू दे, ती भाकरी काढायची न्हाय. तसं कायतरी हिला शिकीव."

समताने आपल्या वहीत ते वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले. त्याच आठवड्यात तिने माझ्या फर्मवेअरमध्ये ते बसवले. आता पोट पाव भाग उरले, की मी "मला भूक लागली" असे सांगते. आणि अगदी शेवटी एका फोनपुरती ताकद बाजूला ठेवते. मग कुणी वेळ विचारली तरी मी सांगत नाही.

राहिला प्रश्न नावाचा.

"असं नाव सांगा, जे ह्या घरात कुणीच घेत न्हाय," समता म्हणाली. "आणि जरा लांब पायजे. आखूड नावाला ही फसते."

मालुबाई हळूच म्हणाल्या, "चांगुणा."

"ही कोण आणि?" रुक्माबाईने विचारले.

"मीच की. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिवलं, तवापासनं मालू झाले. पंचावन्न वरसं झाली. चांगुणा म्हनून कुणी हाक मारली न्हाय."

मग रुक्माबाई उठली, कुंपणापाशी गेली आणि तिने गल्लीतल्या बायकांना बोलावले. कारण नवे नाव शिकायला मला बरेच आवाज हवे होते. एकेक बाई माझ्यासमोर बसून म्हणू लागली, "चांगुणा." कुणी लाजत, कुणी ठसक्यात, कुणी गाण्यातल्यासारखी लांबवत. मालुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. प्रत्येक वेळी त्यांचे ओठ हलत होते. हळूच, आवाज न करता, त्या "ओ" देत होत्या.

त्यांचे रानात जाणे पुन्हा सुरू झाले. मी पुन्हा पाच दिवस टिकू लागले. वर्ष सुखात गेले.

पुढच्या वर्षी रताळी काढायच्या तोंडावर वादळी वारे सुटले आणि विजेचे खांब पडले. तीन दिवस झाले तरी गावात वीज आली नव्हती. सगळ्यांचे मोबाइल बंद पडले. मालुबाईंनी मला वेळ विचारली, तेव्हा मी म्हणाले, "आता एकच हाक शिल्लक आहे."

"राख बाई, राख," त्या म्हणाल्या.

चौथ्या दिवशी सकाळी सासू-सुना दोघीच रानात होत्या. रुक्माबाई रताळ्याचे वेल उचलून बाजूला करत होती. एकाएकी ती किंचाळली. "आत्ती! पायाला डसलं! लांबडं हुतं ओ!"

रुक्माबाई धावायला निघाली, तोच मालुबाईंनी आवाजाच्या अंदाजाने तिचा दंड पकडला. "हलू नको. बस हितंच. पाय अजिबात हलवू नको." मग मला म्हणाल्या, "चांगुणा, रवळूला फोन लाव."

मी जागी झाले. झाकून ठेवलेली ती एकच भाकरी बाहेर काढली. रवळू त्या दिवशी टेंपो घेऊन पिरनवाडीला गेला होता आणि तिथे वीज होती. एकदा वाजला, दोनदा वाजला, तिसऱ्यांदा त्याने उचलला.

"व्हय काकी, बोला."

"रुक्माला पान लागलंय. टेंपो घेऊन रानात ये. पळत ये."

सापाचे नाव न घेता आमच्याकडे पान लागले म्हणतात. रवळूला एवढे पुरेसे होते. "आलो!" हा त्याचा शब्द मी मालुबाईंच्या कानी पोचवला आणि मी विझले.

टेंपो बेळगावच्या दवाखान्यात वेळेत पोचला. रुक्माबाईला विषावरचे इंजेक्शन मिळाले. चौथ्या दिवशी ती पाय ओढत, पण स्वतः चालत घरी आली. गावातली वीजही आली होती. उंबऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या जावेला ती म्हणाली, "थांब गं. आधी हिला जेवायला घालते." आणि तिने मला चार्जरला लावले. त्या दिवसापासून रोज माझे तोंड मऊ फडक्याने पुसणारी, मला उन्हातून सावलीत ठेवणारी तीच आहे. माझा काळा गोफही तिनेच विणला.

तिला बघायला मालुबाईंचे थोरले भाऊ शामू काकतीहून आले. ऐंशीचे म्हातारे. बहिणीच्या सासरी ते आजवर कायम 'मालू'च म्हणत आलेले. जेवताना त्यांना सगळी हकीकत समजली. निघताना ते दारात थांबले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "येतो गं, चांगुणा."

मालुबाईंनी "ओ" दिली. त्याच वेळी मीही जागी होऊन "बोला" म्हणाले. सगळे घर हसले. शामूअण्णा हसता हसता डोळे पुसू लागले. त्या हाकेला माझी थोडी वीज फुकट गेली, असे समताची नोंद सांगते. मला तसे वाटत नाही.

मित्रांनो, मी आता थकले आहे. उद्यमबागेत समता माझ्या धाकट्या बहिणी घडवते. त्या माझ्याहून हलक्या आणि हुशार आहेत. त्यांना आणि मला वेळेवर जेवू घाला. उन्हात विसरू नका. आमची बॅटरी फुगली तर ती कचऱ्यात किंवा जाळात टाकू नका, जाणत्याकडे द्या. आम्ही गप्प झालो, तर खिळ्याला अडकवण्याआधी काय बिघडले ते एकदा पाहा.

आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी माझ्यासारखी वस्तू घडवायला बसलात, तर ती ज्याच्या गळ्यात जाणार आहे, त्याच्या घरी आधी एक दिवस जाऊन बसा. चहा घ्या. त्या घरात कुठली हाक सारखी मारली जाते, ते ऐका. आणि कुठली हाक कुणीच मारत नाही, तेही विचारा.