इर्माने कधीच न धरलेली रक्कम

ग्रंथालयाच्या तळघरात दर मार्चमध्ये म्हाताऱ्याकोताऱ्यांची करविवरणपत्रे विनामूल्य भरून दिली जात. मार्डेल हौगन तिथे आठ वर्षे बसत होती. चाळीस वर्षे गणित शिकवलेल्या बाईंच्या आकड्यावर बोट ठेवण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. यंदा मात्र प्रत्येक विवरणपत्र दुसऱ्याने तपासायचे ठरले, आणि तपासायला तिचीच जुनी विद्यार्थिनी टेरेसा आली.

"बाई, या आजींचा राज्याकडून आलेला कराचा परतावा तुम्ही उत्पन्नात धरलाय," टेरेसा हलक्या आवाजात म्हणाली. "गेल्या वर्षी त्यांनी राज्याचा कर वेगळा दाखवून वजा केला होता?"

"छे, सरसकट वजावट. सगळ्यांना मिळते तीच ठरलेली."

"मग केंद्राच्या करात तो येत नाही ना. ज्याची सूटच घेतली नाही, ते परत आलं तर उत्पन्न कसलं?"

मार्डेलने पुस्तिका उघडली. ओळ तिथेच होती, स्वच्छ आणि निर्विकार. तिने आजींचा आकडा खोडला. मग तिला ऑर्विल ट्वेट आठवला.

गेल्या वर्षी, बायको इर्मा जाऊन तीन महिने झाले असताना, ऑर्विल आला होता. त्याचीही वजावट सरसकटच. राज्याच्या परताव्याचा कागद पुढे सरकवत तो पुटपुटला होता, "इर्मा हे कधी धरत नसे." त्यावर मार्डेल ती रक्कम उत्पन्नात धरत, भरल्या खोलीत, वर्गातल्या आवाजात म्हणाली होती, "म्हणजे इर्मा इतकी वर्षं सरकारला गंडवत होती म्हणायची!" माणसे हसली होती. ऑर्विलही हसला होता, नुसत्या ओठांनी.

दुसऱ्या दिवशी ती बर्फ तुडवत त्याच्या दारी गेली. दुरुस्तीचा अर्ज भरूनच नेला होता.

"एकशे आठ डॉलर परत मिळतील. इथं सही करा," ती म्हणाली. पैशांविषयी बोलणे त्यातल्या त्यात सोपे होते.

ऑर्विलने कागदाकडे पाहिलेही नाही. "म्हणजे इर्मा…"

"बरोबर होती. मीच चुकले."

त्याने शेगडीकडे पाहिले. "तिनं भरलेली सगळी जुनी विवरणपत्रं मी शेगडीत घातली, बाई. उद्या कुणी तपासायला आलं तर तिचं नाव निघू नये म्हणून. तिचं अक्षर तेवढंच उरलं होतं घरात."

मार्डेलने अर्ज पुन्हा त्याच्यापुढे सरकवला.

"पैशांचं राहू द्या," तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. तिथंच सांगा."

गुरुवारी तळघर भरले होते. ऑर्विल दाराशी, टोपी हातात घेऊन उभा होता. मार्डेल उठली. शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा तो आवाज टेबलाच्या कडेपलीकडे जाईना.

"ऐकू येत नाही हो, बाई," मागून कुणीतरी म्हणाले.

"इर्मा ट्वेटनं कधी कुणाला फसवलं नाही," ती पुन्हा म्हणाली. "नियम मला माहीत नव्हता. तिला होता."

कुणी हसले नाही. आता आपल्याला कुणी हसेल याची वाट पाहत ती उभी राहिली.