मागची सीट

मिठाची बरणी जागेवर नव्हती. चुलीवर भाजी रटरटत होती, सासूबाई पाटावर येऊन बसल्या होत्या आणि मी फळ्या धुंडाळत होते. शेवटी परसात डोकावले, तर आमचे हे उकिडवे बसलेले. पुढ्यात बरणी, तांब्यात पाणी, हातात फाटक्या बनियनची चिंधी. मोटरसायकलच्या टाकीला मिठाचं पाणी लावून ती उन्हात वाळवणं चाललं होतं.

"अहो, लोक गंज काढतात," मी म्हटलं.

"काढू दे की."

"आणि तुम्ही लावताय?"

"आपला आपण लावलेला बरा असतोय," असं म्हणून ह्यांनी बरणी माझ्या हातात दिली. "झाकन घट्ट लाव. वलं झालंय जरा."

तेव्हा नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. आता लिहिताना घेते: चन्नवीर. सोलापुरात एका गिरणीत फिटर होते. मी महापालिकेच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायची. बाळीवेशीत आमच्या दोन खोल्या आणि त्यात माणसं सहा. आम्ही दोघं, धाकटे दीर भीमाशंकर, लग्नाच्या दोन नणंदा आणि सासूबाई बसम्मा, ज्यांना सगळं घर अव्वा म्हणायचं, मीसुद्धा. भिंत अशी की पलीकडे कुणी कूस बदलली तर अलीकडे कळावं.

ती गाडी म्हणजे एक प्रकरणच होतं. वैरागला एका गोठ्यात लढाईच्या वेळची मिलिटरीची बी.एस.ए. पडलेली होती. मिलिटरीची म्हणायची आपली; प्रत्यक्षात सांगाडा आणि इंजिन एवढंच उरलं होतं, आणि इंजिनावर कोंबडी अंडी घालत होती. ह्यांनी ते पोत्यात भरून एस.टी.च्या टपावरून आणलं. चाकं एका गाडीची, टाकी दुसरीची, हँडल तिसरीचं. बाकीचं सामान भंगारवाल्या रज्जाकभाईंच्या ढिगातून एकेक करून आलं. रज्जाकभाई म्हणायचे, "क्या चन्नवीर, मुर्दे को चलाते क्या तुम?" मडगार्ड नाहीत, साखळीवर झाकण नाही, दिवा एकच आणि तोही तिरळा. वर्षभर हे असं एकेक जोडत होते. आणि ज्या दिवशी गाडी धडधडीत चालू झाली, त्या दिवसापासून ह्यांनी ती विद्रूप करायला घेतली. टाकीवरचा उरलासुरला रंग खरवडला. नवे बोल्ट मिठाच्या पाण्यात बुडवून लाल केले. सांगाड्याला काजळी आणि तेल चोपडलं. मला वाटलं, गिरणीतल्या आवाजानं ह्यांच्या डोक्यावर परिणाम झाला.

कारण मला नंतर कळलं. नोकरी लागल्यावर ह्यांनी एक नवीकोरी सायकल घेतली होती. ती महिनाभरात गल्लीची झाली. कुणाला कचेरीत जायचंय, कुणाला सात रस्त्यावरून पाहुणा आणायचाय, भीमाशंकरला तर हवापालट म्हणूनही ती लागायची. पुढे रेडिओ घेतला, तो क्रिकेटच्या दिवसांत शेजारच्या ओसरीवर मुक्कामाला जायचा. आमच्या घरात मागणाऱ्याला नाही म्हणणं म्हणजे पाप. अव्वांनी तसं वळणच लावलेलं. आणि ह्यांच्या तोंडून तर 'नाही' हा शब्द निघायचाच नाही, जीभच अडायची. मग ह्यांनी स्वतःपुरता उपाय काढला. नाही म्हणायचं नाही, पण कुणी मागेलच असं काही ठेवायचं नाही.

उपाय लागू पडला. भीमाशंकर नव्या पेठेत कापडाच्या दुकानात होता, भांगाची रेघ मोडू नये म्हणून टोपी न घालणारा. तो म्हणाला, "ह्या गाडीवर मी बसलो तर माझं लगीन मोडंल." गल्लीतली पोरं तिला 'मढं' म्हणायची. कुणी तिच्याकडे दुसऱ्यांदा बघत नसे.

पण दोन गोष्टी कुणी नीट पाहिल्या नव्हत्या. एक म्हणजे तिचा आवाज. अशा गाड्या गल्ली डोक्यावर घेतात. ही मात्र गाईनं रवंथ करावा तशी चालायची. सायलेन्सर ह्यांनी तीनदा कापला, तीनदा जोडला. आणि दुसरी मागची सीट. पुढची सायकलसारखी, स्प्रिंगवर चामडं ताणलेली. मागची मात्र गिरणीतल्या जुन्या पट्ट्याच्या चामड्याची, आत कापूस ठासून भरलेला, कडेनं दुहेरी टाके. खाली साडीसाठी जाळी आणि पाय ठेवायला रुंद पट्टी. अख्ख्या गाडीत चांगली म्हणावी अशी तेवढी एकच जागा होती.

"मागं कुणाला बसवणार?" अव्वांनी विचारलं होतं.

"जुनं इंजिन हाय, अव्वा. मागं वजन पडल्याबिगर मोकळं व्हत न्हाय. सुट्टीदिवशी एक चक्कर मारावी लागती."

"मग वाळूचं पोतं ठेव की."

"पोतं घसरतंय. हिला न्हेतो."

अशी मी पोत्याच्या जागी रुजू झाले. ह्यांच्या सुट्टीच्या दिवशी, शाळेतून आले की चहा व्हायचा, आणि हे दारातून म्हणायचे, "वजन तयार हाय का?" नणंदा फिदीफिदी हसायच्या. मलाही राग यायचा. माझ्या शाळेतल्या बाई स्कूटरवर मागे बसून यायच्या, आणि मी ह्या भंगारावर, पाठीवर चिखलाची रेघ ओढून घेत. पहिल्या खेपेला मी चौक ओलांडेपर्यंत पदर तोंडावरून काढला नाही.

गाडी तुळजापूरच्या रस्त्याला लागली. हिप्परग्याच्या तळ्याकडून वारा येत होता. गाव मागे पडलं आणि ह्यांनी वेग कमी केला. इतका कमी, की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला.

"बोल," हे म्हणाले.

"काय बोलू?"

"काय बी. हितं कोन ऐकतंय?"

लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि नवऱ्याशी एकटीनं काय बोलायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. घरात आम्ही बोलायचो ते चौघांच्या देखत: डबा झाला का, रॉकेल संपलं, धाकटीच्या शाळेत जाऊन या. मी शाळेतल्या एका द्वाड पोराबद्दल बोलायला लागले. मग हेडमास्तरांबद्दल. मग थांबताच येईना.

अशाच एका चकरेत, तळ्याच्या वळणावर, हे समोर बघत म्हणाले, "काशी म्हननार हुतो मी."

दोन वर्षांपूर्वी माझं पाचव्या महिन्यात गेलं होतं. घरात त्यावर एक अक्षर कुणी काढलं नव्हतं. मला वाटायचं, ह्यांना त्याचं काहीच नाही. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन गिरणीत गेलेला माणूस. आणि ह्या माणसानं मनात नावसुद्धा ठेवलं होतं. मी ह्यांच्या पाठीला कपाळ टेकवून रडले.  ह्यांनी गाडी गुळवंचीच्या फाट्यापर्यंत नेली आणि अंधार पडायच्या आत घरी आणली. त्या दिवसापासून मला त्या गाडीची लाज वाटली नाही. माझ्या संसारातली माझी स्वतःची अशी जागा तेवढीच होती, वीतभर चामड्याची.

चौऱ्याहत्तर सालच्या दसऱ्याला गाडीला दृष्ट लागली, आणि ती मायेचीच लागली. सिद्धेश्वराच्या देवळात कुणीतरी अव्वांच्या देखत ह्यांना हसलं. "बसम्माचं पोरगं फिटर हाय म्हनं, आन् गाडी बगा." अव्वा घरी आल्या त्या मनाशी काहीतरी ठरवूनच. हे पहिल्या पाळीला गेले की भीमाशंकरला हाताशी धरून त्यांनी गाडी पेंटरकडे दिली. "माझ्या लेकाला सांगायचं न्हाय," अशी सगळ्यांना शपथ. ह्यांना सांगितलं, भीमाशंकरचा धक्का लागून आडवी पडली, दुरुस्तीला टाकलीय. खंडेनवमीला ती अंगणात उभी होती: लालभडक, पिवळी रेघ, आरशासारखी टाकी, दोन्ही चाकांवर नवे मडगार्ड. हँडलला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू.

"खंडेनवमीला माझ्या लेकानं मढं पुजायचं व्हय?" अव्वा म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता की बघत राहावं.

ह्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग अव्वांच्या पायावर डोकं ठेवलं. "लई छान झालीया, अव्वा," म्हणाले. उठताना माझ्याकडे एकदाच पाहिलं.

पुढचं सांगायला नकोच. भीमाशंकरला त्याच आठवड्यात मोडनिंबला मुलगी बघायला जायचं होतं. शेजारच्यांच्या घरी वरात होती, नवरदेवाला लाल गाडीच हवी. कुणाचा मेहुणा आला, कुणाचा दवाखाना निघाला. ह्यांची सुट्टी यायची आणि गाडी परगावी असायची. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. आम्ही पुन्हा डबा आणि रॉकेलवर आलो.

आणि नेमकं तेव्हाच मला ह्यांना सांगायचं होतं. दिवस राहिले होते. ह्या खेपेला ते आधी ह्यांच्या कानावर घालायचं, मग घराच्या, असं मी मनाशी धरलं होतं. मागच्या वेळी नणंदांनी ओळखलं, गल्लीनं पेढे मागितले, आणि ह्यांना कळलं ते सगळ्यात शेवटी. पुढे जे झालं त्यावर बोलायलाही आम्हाला जागा नव्हती. आता परत तसं झालं तर? ती भीती मी कुणाला सांगणार? स्वयंपाकघरात सांगायला गेले तर नणंद पाणी प्यायला यायची. ओसरीवर हे जरा रेंगाळले की भीमाशंकर गाडीची किल्ली मागायला हजर. हे किल्ली द्यायचे आणि मी पोटावरून पदर सारखा करायची.

पौषातल्या एका सोमवारी गाडी चुकून घरी होती. अव्वांना कुमठ्याला बहिणीकडे जायचं होतं. "माझ्या लेकाच्या गाडीवर मी न्हाय बसायची तर कोन?" म्हणत त्या इरकल लुगडं सावरून मागच्या सीटवर बसल्या. गल्लीतल्या बायका बघायला बाहेर आल्या. अव्वांनी एका हातानं ह्यांचा खांदा आणि दुसऱ्या हातानं आपली मान ताठ धरली होती.

दुपारच्या जेवणाला येते म्हणाल्या होत्या, त्या दिवेलागणीला आल्या. उतरल्या, हातपाय धुतले आणि चुलीपुढे येऊन बसल्या. मी भाकरी थापत होते. नणंदा बाहेर होत्या.

"त्येचा बाप जाऊन धा वर्सं झाली," अव्वा जाळाकडे बघत म्हणाल्या. "त्येच्याशी मी जलमभर बोलले ते मीठ आन् पीठ. आज पोराला सगळं सांगितलं. कुमठं कवा मागं गेलं, कळलंच न्हाय."

मी भाकरी उलटली.

"मागं बसलं की तोंड दिसत न्हाय गं. मग बोलवतंय." त्यांनी चुलीत लाकूड सारलं. मग हळूच विचारलं, "तुमी दोगं त्येच्यासाठी जायचा व्हय?"

 मी मान खाली घातली आणि पुढचा गोळा हातात घेतला. अव्वांनी माझ्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्याकडे, मग परातीला टेकलेल्या पोटाकडे, मग परत चेहऱ्याकडे. पाच बाळंतपणं काढलेली बाई ती. "साकु," म्हणाल्या, म्हणजे पुरे. "ऊठ. भाकरी मी करते."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर गल्लीत घोळका. अंगणात गाडी उभी, पुढ्यात अव्वा मांडी घालून बसलेल्या, हातात विटेचा तुकडा, शेजारी पाण्याची बादली. टाकीवरचा लाल रंग पाट्यावर मिरची वाटावी तसा ओघळत होता. पिवळी रेघ निम्मी गेली होती. भीमाशंकर डोक्याला हात लावून उभा.

"अव्वा, येडी झालीस का? उद्या मालकाच्या पोराला देतो म्हनलोय मी गाडी!"

"घान लई बसली हुती. घासली," अव्वा म्हणाल्या. "रंग कच्चा निगाला, त्येला मी काय करू?"

"आन् मडगार्ड कुटं गेलं?"

"खडखड करत हुतं. काढायला लावलं."

तेवढ्यात हे पाळीवरून आले. डब्याची पिशवी खांद्यावर तशीच. गाडीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. अव्वांनी मान वर केली नाही, वीट चालूच ठेवली. ज्या माउलीनं हौसेनं रंग लावला होता, तीच तो खरवडत होती, आणि तिच्या बोटांची सालं निघाली होती.  हे त्यांच्या शेजारी उकिडवे बसले.

"तितं नगं, अव्वा," हलक्या आवाजात म्हणाले. "मदी रंग जात नसतोय. गुडगा घासतो तितला आदी जातो. हितं. आन् ह्या कडंला."

"हितं व्हय?"

"हां. आता कसं जुनं दिसतंय."

मायलेकरं तशी बराच वेळ घासत राहिली. गल्लीतली माणसं कंटाळून पांगली. भीमाशंकर आत निघून गेला. मग गुडघ्यावर हात देऊन अव्वा उठल्या आणि विटेचा तुकडा भिंतीशी ठेवला.

"जा आता दोगं," म्हणाल्या. "लांब नगं. निस्तं गावाभाईर जाऊन या. आन् चन्नू, हळू चालव."

"मी कवा जोरात चालवली, अव्वा?"

"हळू म्हनलं की हळू."

ह्यांना काही उमगलं नाही. मी मागच्या सीटवर बसले. टाकी ओलीच होती, ह्यांच्या पँटला गुडघ्याशी लाल रंग लागला. बाळीवेस मागे पडली, तुळजापूरचा नाका आला. नाक्यापुढच्या लिंबाच्या झाडापाशी मी ह्यांना सांगितलं.

ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, हँडल धरून बसून राहिले. मागे वळून मात्र पाहिलं नाही. मीही वळा म्हटलं नाही. पाठ ह्यांची गदगदत होती, आणि मी तीवर हात ठेवून बसले होते.