बद्रुद्दीन अर्जनवीसांची शब्दवही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. इंग्रजीतले वापरातून गेलेले शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ माझ्या पोटात आहेत. माझे मालक बद्रुद्दीन नाशिकच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत. त्यांचा शेवटचा साधा दिवस मला लख्ख आठवतो.

१९३६ सालच्या हिवाळ्यातली संध्याकाळ होती. चहा पिऊन ते मला उघडून बसले. त्यांची मुलगी हाजरा शाळेत शिकवत असे. ती मुलींच्या वह्या तपासत होती.

"हाजरा, ओव्हरमॉरो. एका जुन्या पुस्तकात सापडला. अर्थ काय लिहू?"

"अब्बा, असले शब्द आता विलायतेतही कोणी वापरत नाही."

"विलायतेला काय करायचंय? आपला अर्ज नाशकातला."

तिने तपासायला पुढची वही ओढली. त्यांनी शब्द पेन्सिलीने लिहिला आणि मला रुमालात बांधले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघांनी त्यांना घरी उचलून आणले. कडुनिंबाखाली, अर्ज लिहिता लिहिताच त्यांचा प्राण गेला होता.

माझा जन्म कचेरीतल्या टाकाऊ, एका बाजूने कोऱ्या कागदांतून झाला. मालकांनी स्वतः दाभणाने मला शिवले. त्यांची एक रीत होती. नवा शब्द आधी पेन्सिलीने लिहायचा. मग तो हाजराला समजावून सोपा मराठी अर्थ तिला विचारायचा. ही रीत सुरू झाली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मग तो अर्ज करणाऱ्याला सांगायचा. त्याला कळला, तरच शाईने लिहायचा. ज्याचा अर्ज, त्याला त्यातला प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे, असे ते म्हणत. अशी माझी किती पाने शाईने भरली! जुने साहेब त्यांच्या भाषेची वाखाणणी करीत, तेव्हा मलाही अभिमान वाटे.

मग कचेरीत एक नवा कारकून आला. एकदा हाजरा डबा घेऊन आली असताना तो चारचौघांत म्हणाला, "मियाँ, तुमचं इंग्रजी तुमच्या दाढीपेक्षा म्हातारं झालंय!" सगळे हसले. मालकही हसले. हाजरा मात्र मान खाली घालून निघून गेली. त्या दिवसापासून तिने अर्थ सांगणे सोडले. माझ्यात पेन्सिलीचे शब्द साचत गेले.

मालक गेल्यानंतरचा चाळिसावा दिवस झाल्यावर हाजराने घरातले कागद रद्दीसाठी बांधले. त्यात मीही होते. सुतळी मला काचत होती. तेवढ्यात मळेवाली भागुबाई मेथीची जुडी घेऊन भेटायला आली.

"तुझा बाप लय मोठा माणूस, पोरी. माझ्या पाटाच्या पाण्याच्या अर्जात त्यानं 'बिसीच' ह्यो शब्द लिवला व्हता."

हाजराने चमकून विचारले, "तुम्हाला तो शब्द आठवतो?"

"न आठवाया काय झालं? बिसीच म्हंजी पदर पसरून मागणं. 'माझ्या लेकीनं काढलेला अर्थ हाय,' असं समद्यांना सांगायचा. पानी मिळालं की मला!"

हाजराने सुतळी सोडली. माझे शेवटचे लिहिलेले पान उघडले. ओव्हरमॉरोसमोर जागा कोरी होती आणि खाली बारीक अक्षरात लिहिले होते : हाजराला विचारणे.

मित्रांनो, जुन्या वह्या जपा, एवढेच मी एरवी सांगितले असते. पण कुणी आपल्या माणसाने काही विचारले, तर तेही जपा. माझ्यातली कोरी जागा वाट पाहू शकते. विचारणारा दर वेळी थांबत नाही.

हाजराने दौत उघडली.

"भागुबाई, ओव्हरमॉरो म्हणजे परवा. कळलं?"

"कळलं की. उद्याच्या पल्याडचा दिस."

हाजराने शाईने 'परवा' लिहिले. शाई वाळेपर्यंत ती पानाकडे पाहत राहिली. मग मोठ्याने म्हणाली, "अब्बा, तुम्ही विचारलंत त्या संध्याकाळीच मला येत होतं. मला तुमची लाज वाटली, म्हणून सांगितलं नाही."