उसनी चाकं

वार्षिक तपासणीत मोटरसायकल नापास होते ती इंजिनामुळे नव्हे, हे प्रेमानंद धुरी गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. दीडशे सीसीची ही इंजिनं चिवट जातीची. वेळेवर तेल बदललं तर लाख किलोमीटर हूं की चूं करत नाहीत. नापास करतात त्या बारक्या गोष्टी: मागचा न पेटणारा दिवा, सैल पडलेली चेन, पुढच्या फोर्कातून पाझरणारं तेल, कागदासारखे झिजलेले ब्रेक पॅड. आणि सगळ्यांत जास्त, टायर. मस्कतच्या उन्हाळ्यात डांबर इतकं तापतं की चार वर्षांत रबर पापडासारखं तडकतं. इंजिन मात्र धडधडत राहतं, आणि वर बसणाऱ्याला वाटतं की गाडी ठणठणीत आहे.

प्रेमानंद मूळचा वेंगुर्ल्याकडचा. मस्कतच्या रुवी भागापलीकडे वादी कबीरच्या एका गल्लीत तो एकवीस वर्षं स्पॅनर चालवत होता. बायको मंगला गावी. गेली तीन वर्षं त्याच्या गॅरेजात मुख्यतः एकाच कंपनीचं काम यायचं. घरोघर जेवण पोचवणारी कंपनी, बावीस मोटरसायकली, बावीस पोरं. त्यांचा सुपरवायझर शिरीष, पुण्याचा, बोलायला गोड.

पहिल्याच वर्षी सहा गाड्या टायरांवर नापास झाल्या होत्या. हेड ऑफिसातून नव्या टायरांना मंजुरी येईना. तेव्हा शिरीषच म्हणाला होता, "प्रेमानंदभाऊ, एक जोडी चांगली चाकं घेऊन ठेवा ना. जी गाडी तपासणीला जाईल तिला तेवढ्यापुरती घाला. पास झाली की काढा. एक-दोन महिन्यांत सगळ्यांना नवे टायर येणारच आहेत."

ते एक-दोन महिने काही उगवले नाहीत. चाकांची ती एकच जोडी तीन वर्षं या गाडीवरून त्या गाडीवर फिरत राहिली. मध्ये तिचे टायर झिजले तेव्हा शिरीषने त्या जोडीपुरते नवे घेऊन दिले, बाकीच्यांना नाहीत. सुरुवातीला प्रेमानंदचं मन खायचं. मग सवय झाली. गाडी आणली, चाकं बदलली, पास करून आणली, पुन्हा जुनी घातली. पोरांना तो सांगायचा, "हळू चालवा रे." एवढं सांगितलं की आपलं काम झालं, असं त्याने मनाला पटवलं होतं.

जून महिन्यातली एक सकाळ. चौदा नंबरची गाडी घेऊन तो तपासणी केंद्रावर गेला. सात वाजले होते तरी वारा भट्टीच्या तोंडासारखा येत होता. केंद्रावर जमाल होता, तिशीतला ओमानी इन्स्पेक्टर. मुंबईचे सिनेमे बघून बघून शिकलेली हिंदी तो मोठ्या हौसेने बोलायचा आणि प्रेमानंदला बाबा म्हणायचा.

त्याने दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, पुढचं चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे फिरवलं. मग टायरापाशी बसला. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. कोणत्या वर्षी, कितव्या आठवड्यात तो बनला ते त्यावरून कळतं. जमाल त्या आकड्यांवर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिला.

"बाबा, तुमच्या कंपनीच्या गाड्या किती?"

"बावीस."

"गेल्या आठवड्यात नऊ नंबर आणलीस. तिच्या टायरवर हेच आकडे. त्याआधी पाच नंबर. तिच्यावरही हेच."

प्रेमानंद हँडलवरची धूळ पुसू लागला. "एकदम घेतले ना टायर," तो म्हणाला.

जमालने टायरवरचं बोट थोडं सरकवलं. "त्या गाड्यांच्या टायरवरही डाव्या बाजूला हाच ओरखडा होता बघ. तोसुद्धा एकदम घेतला?"

मागे रांगेत कुणीतरी हॉर्न दिला. जमाल उठला, हात पुसले आणि कागदावर शिक्का मारला. कागद पुढे करताना हळूच म्हणाला, "जी गाडी माझ्यासमोर उभी आहे तिच्यात दोष नाही. जी समोर नाही तिच्यावर मी काय लिहू? पण तुला माहीत आहे, बाबा. पुढची गाडी आणशील तेव्हा मी बाकीच्याही बोलावीन."

परत येताना प्रेमानंदने वाटेत थांबून तो ओरखडा पुन्हा पाहिला.

गॅरेजात चौदा नंबरची जुनी चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली होती. मागच्या टायरला मधोमध टक्कल, आणि एका जागी आतले धागे दिसायला लागलेले. त्याने स्पॅनर हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. ही गाडी तानाजीची. तानाजी कुडाळचा, पंचविशीचा पोरगा, येऊन सहा महिने झालेले. तो दुपारी गाडी न्यायला आला.

"काका, नवे टायर इले काय?" त्याने वाकून बघितलं.

"इले म्हण."

"देव पावलो! मागल्या टायरान माका दोनदा घसरवल्यान."

"मग माका सांगलंस कित्याक नाय?"

"तुमी बघतासच मा सगळा," तानाजी म्हणाला, किक मारली आणि गेला.

त्याच्या मागे प्रेमानंद कितीतरी वेळ गल्लीच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. थोड्या वेळाने शिरीषचा फोन आला. उद्या पंधरा नंबर न्यायची आहे, चाकं तयार ठेवा.

"चौदाची काढली नाहीत, साहेब. तशीच दिली."

"का?"

"जुनं चाक घालण्यासारखं नव्हतं. आणि तिकडे इन्स्पेक्टरच्या लक्षात आलंय."

 "उद्या सकाळी चौदा परत बोलावतो. काढा आणि पंधराला घाला. दुसऱ्या केंद्रावर नेऊ. घाबरू नका हो, तीन वर्षांत काही झालंय का?"

हे वाक्य प्रेमानंदला चावल्यासारखं लागलं. तीन वर्षांत काही झालं नव्हतं हे खरंच होतं. पण सबंध दुपार फोन वाजला की तो हातातलं काम टाकून धावायचा. त्याने तानाजीला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तानाजी हसत म्हणाला, "काका, माका काय्येक झाला नाय, तुमी जेवून घ्या." तिसऱ्यांदा करायची त्याला लाज वाटली. निदान त्याच्याखाली चांगली चाकं आहेत, असं मनाशी म्हणत तो कुणाच्या तरी स्कूटरचा कार्ब्युरेटर पुसत बसला.

सहाला फोन आला तो शिरीषचा होता. आवाजातला गोडवा गेला होता.

"नऊ नंबर पडली. मदिनत सुलतान काबूस वस्तीच्या उतारावर. पुढचा टायर फुटला."

नऊ नंबर जहूरची. आठ दिवसांपूर्वी पास झालेली. उसनी चाकं काढून जुनी त्याने स्वतःच्या हाताने घातली होती. सबंध दिवस त्याने एका गाडीची धास्ती घेतली होती आणि बाकीच्या एकवीस त्याच उन्हात फिरत होत्या, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"जहूर?"

"हॉस्पिटलात. शुद्धीवर आहे, पायाचं काही खरं नाही. ऐका, पोलीस यायच्या आत आपल्या पिकअपने गाडी उचलली. मी घेऊन येतोय."

वीस मिनिटांत पिकअप दारात लागली. दोघांनी मिळून गाडी खाली घेतली. हँडल वाकलं होतं, टाकीवर खरचटलं होतं, आणि पुढच्या टायरला वीतभर फाट होती. हौद्याच्या कोपऱ्यात जेवणाची पिशवी तशीच पडलेली, तीतून आमटीसारखं काहीतरी गळत होतं.

शिरीष भराभर बोलू लागला. "पोलीस गाडी मागतायत. तासाभरात पाठवतो म्हटलंय. तानाजीला बोलावलंय, पोचेलच तो. चौदाची चाकं काढून हिला घाला. आठ दिवसांपूर्वीच पास झालेली गाडी, टायर नवे, म्हणजे चूक चालवणाऱ्याची. वेगात होता, घसरला, संपलं. ते फाटकं चाक टाकून द्या कुठेतरी लांब."

"जहूरची चूक?"

"त्याचं मी बघतो हो. कंपनी त्याला सोडणार नाही. पण हे बाहेर आलं तर कंपनी बंद, तुम्ही आत आणि मीही. स्पॅनर तुमच्या हातात होता, विसरू नका."

प्रेमानंद खाली बसला. टायरवरून हात फिरवला. ही भेग त्याने तेव्हाही पाहिली होती, नख घालून तपासलीसुद्धा होती. तेव्हा तिथे जहूर उभा होता, रावळपिंडीचा, उंच, लाजरा माणूस. प्रेमानंद म्हणाला होता, जरा सांभाळून. त्यावर तो हसून म्हणाला होता, "उस्ताद ने देख लिया, फिर क्या डर."

"घालतो," प्रेमानंद म्हणाला.

शिरीषने खांद्यावर हात ठेवला, पिकअपची किल्ली टेबलावर टाकली आणि टॅक्सी करून हॉस्पिटलकडे गेला.

तानाजी आला तेव्हा प्रेमानंद मोडकी गाडी फळीवरून पुन्हा पिकअपमध्ये चढवत होता. फाटका टायर जिथल्या तिथे होता.

"काका, साहेब म्हणालो चाका बदलूची आसत."

"नाय बदलूची. हात लाव."

"खंय नेतास?"

"पोलिसांत."

तानाजीला उलगडायला थोडा वेळ लागला. मग त्याने गाडीवरचा हात काढून घेतला. "काका, येडे झालास? सगळ्या गाड्यो धरतले. आमी खावचा काय?"

"तुज्या गाडयेचो जुनो टायर भायर भिंतीक आसा. जा, बघून ये."

तानाजी गेला नाही. त्याने पुन्हा हातही लावला नाही. प्रेमानंदने एकट्याने गाडी रेटली, दोरीने बांधली, आणि सूर्यास्ताची, मगरिबची बांग सुरू असताना तो गल्लीबाहेर पडला.

ठाण्यावरच्या अधिकाऱ्याला आधी वाटलं, हा नुसता गाडी पोचवायला आलाय. त्याने सही करायला कागद पुढे केला. प्रेमानंदने सही केली नाही. मोडक्यातोडक्या अरबीत आणि हिंदीत त्याने सगळं सांगितलं. चाकं एकच, गाड्या बावीस, वर्षं तीन. अधिकारी लिहिता लिहिता थांबला, आतून दुसऱ्याला बोलावून आणलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग त्यांनी त्याचं रेसिडेंट कार्ड, म्हणजे देशात राहण्याचा परवाना, ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी एकवीस गाड्या पोलिसांच्या आवारात ओळीने उभ्या होत्या. त्यांतल्या सोळा गाड्यांचे टायर नापास झाले. अकरा गाड्यांचे ब्रेकही. जमाललाही जबाबाला बोलावलं होतं. व्हरांड्यात तो प्रेमानंदसमोरून गेला, पण त्याने वर पाहिलं नाही.

शिरीषला बोलवायला माणूस गेला तर खोलीला कुलूप होतं. घरी आई आजारी असल्याचं सांगून तो पहाटेच्या विमानाने गेला होता. फोन बंद. चाकं बदलायला कुणी सांगितलं याचा एक कागद नव्हता, एक मेसेज नव्हता, सगळं तोंडी. कंपनीच्या मॅनेजरने लिहून दिलं की टायरांबाबत गॅरेजने आम्हाला कधीही कळवलं नाही. आता जबाबात नाव उरलं होतं ते एकच.

तानाजी गॅरेजावर आला तो पाचव्या दिवशी. आत आला नाही. रस्त्यावरूनच म्हणाला, "एकवीस जणांच्या पोटार पाय दिलात, काका."

 त्या सोळा गाड्यांत चौदा नंबर नव्हती, एवढंच प्रेमानंदला ठाऊक होतं. आणि ती का नव्हती, ते तानाजीलाही ठाऊक होतं.

जहूरच्या मांडीत सळई घातली. पाय वाचला. प्रेमानंद भेटायला गेला तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि तसाच पडून राहिला.

त्या संध्याकाळी मंगलाचा फोन आला. दोन महिन्यांनी चतुर्थी, तिकीट काढलं का, असं ती विचारत होती. प्रेमानंदने पहिल्यांदाच तिला सगळं सांगितलं. चाकांची जोडी, ओरखडा, जमाल, जहूर. 

"त्या झिलाचो पाय वाचलो मा?" तिने विचारलं.

"वाचलो."

"आणि तुमका काय करतले?"

सुनावणी रविवारी होती. कार्ड अजून ठाण्यातच होतं. प्रेमानंदने खरं तेच सांगितलं, की आपल्याला माहीत नाही.