रब्बी अन्शेल यांच्या दोन पुण्यतिथ्या

रब्बी अन्शेल गुत्फ्राइंड जाऊन बावीस वर्षं झाली होती आणि या बावीस वर्षांत फिशेल ब्रांडवाइनने त्यांची पुण्यतिथी एकदाही चुकवली नव्हती. फ्लू झाला तेव्हा नाही, मुलीचं लग्न त्याच आठवड्यात आलं तेव्हाही नाही. गुडघा बदलला तेव्हा तर स्वारी कुबड्या टेकत हॉस्पिटलच्या झग्यावरच आली होती. तसला झगा मागून उघडा असतो हे त्या दिवशी मेलबर्नच्या सगळ्या बालाक्लावा वस्तीने पाहिलं.

रब्बींच्या मागे कोणी नव्हतं. पोलंडमध्ये होती एके काळी, बायको, दोन मुली, आईवडील, सहा भावंडं. सगळी नाझींच्या छावणीत गेली आणि बाहेर आले ते एकटे रब्बी. ते मेलबर्नला आले, कार्लाइल स्ट्रीटवर मोज्यांचं दुकान टाकलं आणि दुकानामागच्या खोलीत, शाळा सुटल्यावर, गल्लीतल्या पोरांना शिकवायला बसले. छावणीबद्दल ते चकार शब्द काढत नसत. पण कोणाच्या मोज्याला भोक दिसलं की धडा तिथल्या तिथे थांबायचा. रब्बी उठून दुकानात जायचे, नवा जोड आणायचे आणि आपल्या हाताने पोराच्या पायात चढवायचे. "पाय गारठले की डोकं चालत नाही," एवढंच म्हणायचे. फिशेल कात्रीने मोजे फाडून यायचा हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, देव जाणे.

शिकवण्याची पद्धतही जगावेगळी. कोणी बरोबर उत्तर दिलं की रब्बींचा चेहरा पडायचा. "झालं? संपलं? आता काय, घरी जायचं?" आणि जो पोरगा चुकीचं उत्तर छातीठोकपणे देऊन अर्धा तास लढवत ठेवील त्याला खारवलेल्या हेरिंग माशाचा मोठा तुकडा. सर्वांत जास्त हेरिंग दोघांनी खाल्लं, एक फिशेल आणि दुसरा त्याचा जिवलग मित्र गेत्सेल व्रोन्स्की.

शेवटच्या दुखण्यात रब्बींनी फिशेलला जवळ बोलावून सांगितलं, "माझ्यासाठी कद्दीश म्हणणारं कोणी उरलं नाही. तू म्हणत जा. आपल्या खोलीतच." फिशेलने शब्द दिला. कद्दीश ही गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना, पण ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा ज्यू पुरुष जमले तरच म्हणायची. नऊ जमले तर नऊ जणांनी एकमेकांची तोंडं पाहायची आणि हेरिंग खाऊन घरी जायचं.

आणि या वर्षी जमले होते नऊ.

याचं मूळ ज्यू पंचांगात होतं. रब्बी अदार महिन्याच्या नवमीला गेले. साध्या वर्षी प्रश्न नसतो. पण अधिक महिन्याच्या वर्षी अदार दोनदा येतो, आणि मग पुण्यतिथी पहिल्या अदारमध्ये करायची की दुसऱ्या, यावर मोठमोठे पंडित शेकडो वर्षं डोकं फोडत आले आहेत. फिशेल पहिल्या अदारचा. गेत्सेल दुसऱ्या अदारचा. मागच्या अधिक वर्षी यावरून दोघांची अशी जुंपली की गेत्सेल म्हणाला, "तुझ्या डोक्यात मोजे भरलेत," आणि फिशेल म्हणाला, "तू माझी दाढ काढलीस ती चांगली होती, शेजारची किडली होती." गेत्सेल दातांचा डॉक्टर. हे बोलणं त्याच्या वर्मी लागलं. तेव्हापासून तीन वर्षं अबोला. रब्बींचं दुकान आता फिशेल चालवत होता, गेत्सेल समोरच्याच इमारतीत राहत होता, आणि दोघं रोज सकाळी आपापल्या खिडकीचा पडदा रागाने ओढत.

"मोज पुन्हा," फिशेलची बायको पेर्ला स्वयंपाकघरातून म्हणाली. "कोणी टेबलाखाली असेल."

माणसं मोजायची नसतात, दृष्ट लागते. म्हणून फिशेलने रीतीप्रमाणे मोजलं. "एक नाही, दोन नाही, तीन नाही..." नऊ नाहीपर्यंत आला आणि अडकला. दहा नाही म्हणायला कोणी नव्हतंच.

तो सकाळपासून फोन करत होता. बाहेर बेचाळीस अंश तापमान होतं. अर्धी वस्ती एका लग्नासाठी सिडनीला गेली होती, उरलेल्यांपैकी एकाचं माकडहाड दुखत होतं, एकाचा नातू येणार होता आणि एक जण सरळ म्हणाला की तुझ्या खोलीतला पंखा फिरत नाही. संध्याकाळी फिशेल रस्त्यावर उभा राहून दाढीवाले शोधू लागला. एक छान लांब दाढी सायकलवरून जाताना दिसली. फिशेलने तिला हात करून थांबवलं. दाढी म्हणाली की ती कोपऱ्यावरच्या दुकानात कॉफी करते, तिचे आजोबा आयर्लंडचे होते, पण काही खायला असेल तर ती यायला तयार आहे.

"मला मोज," पेर्ला म्हणाली. "तुम्ही सगळे इथे हेरिंगवर डोळा ठेवून बसायचात. मी तेव्हा भिंतीपलीकडे दुकानात मोज्यांच्या जोड्या लावताना सगळं ऐकलं. तुझ्यापेक्षा जास्त येतं मला."

"येतं ना. पण पुरुष लागतात."

"मग जा समोर. तिथे एक आहे."

"मेलो तरी जाणार नाही."

"तू मेलास तर तुझ्यासाठीही दहा लागतील. कुठून आणायचे?"

सात वाजून दहा मिनिटं झाली होती. सूर्य सात अठ्ठावन्नला मावळणार, आणि तिथीही त्याच्याबरोबर जाणार. बावीस वर्षांत पहिल्यांदा रब्बी एकटे पडणार होते, आणि तेही त्याच्या अकडीपायी. त्याने टोपी सारखी केली आणि रस्ता ओलांडला.

गेत्सेलने दार उघडलं. तीन वर्षांत तो बराच सुटला होता.

"गेत्सेल," फिशेल म्हणाला, "नऊच जमलेत."

"वाईट झालं. दुसऱ्या अदारला ये, माझ्याकडेही जागा आहे."

"लेका, रब्बींसाठी ये. माझ्यासाठी नको येऊ."

"मी आलो की तू सांगत सुटशील, गेत्सेलला पहिला अदार पटला म्हणून. ओळखून आहे तुला."

"नाही सांगणार."

"पेर्लाला सांगशील."

"तिला सांगावं लागत नाही. ती खिडकीत उभी आहे."

गेत्सेलने रस्त्यापलीकडे पाहिलं. पेर्लाने हात हलवला. गेत्सेलने दाढी खाजवली. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. शेजारी म्हणून येतो. हेरिंग खायला. पण उंबऱ्यावर उभा राहीन, आत पाऊल टाकणार नाही. म्हणजे मी मोजला गेलो असं कोणी म्हणायला नको."

आणि खरोखरच तो येऊन उंबऱ्यावर उभा राहिला. पाय बाहेर आणि पोट आत. तिथून आत येणं-न येणं त्याच्या हातात होतं, पोटाचं मात्र तसं नव्हतं.

"झाले दहा," फिशेल घाईने म्हणाला. "करा सुरू."

"थांब," गेत्सेल म्हणाला. "मी बाहेर आहे."

"तू आत आहेस. तुझं पोट केव्हाचं आत आलंय."

"माणूस जिथे त्याचे पाय तिथे असतो."

"कोण म्हणतं? माणूस जिथे त्याचं डोकं तिथे असतो. तुझं डोकं आत आहे."

"त्याचं डोकं कुठेच नसतं," पेर्ला आतून म्हणाली.

यावर खोलीतले आठही म्हातारे जागे झाले. एक म्हणाला की दाराच्या चौकटीची जाडी धरायची की नाही हे आधी ठरवा. दुसरा म्हणाला की दार आतल्या बाजूला उघडतं, म्हणजे चौकट बाहेरची. तिसऱ्याने विचारलं की माणूस झोपला असेल आणि पाय बाहेर असतील तर? "तर त्याचे पाय गारठतील," चौथा म्हणाला, आणि सगळे एकदम हसले, कारण हे रब्बींच्याच आवाजात आलं होतं. पुढे कोण काय बोलत होतं ते कळेना. टेबलावर मुठी आपटत होत्या, हेरिंगच्या बशा नाचत होत्या. पंचाहत्तरीला आलेली माणसं बाकावर गुडघे टेकून ओरडत होती. फिशेलला घाम फुटला होता, गळा बसला होता, आणि त्याला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"तुला एक अक्षर येत नाही!" गेत्सेल गरजला. "तिसऱ्या फळीवर आहे ते पुस्तक, त्यात स्वच्छ लिहिलंय. दाखवतो थांब!" तो तरातरा गेला, फळीवरून जाडजूड पुस्तक ओढलं, धूळ झटकली, टेबलाशी येऊन पान उघडलं आणि त्यावर बोट आपटलं. "हे बघ! उंबऱ्यावरचा माणूस बाहेर धरायचा! वाच! आहे की नाही?"

फिशेलने वाचलं. तसंच लिहिलं होतं. त्याचा चेहरा उतरला.

कोपऱ्यात म्हातारा लेबिश खोकला. लेबिशने चाळीस वर्षं ट्राम चालवली होती आणि त्या काळात घंटा सोडून दुसरा आवाज फारसा केला नव्हता. तो म्हणाला, "गेत्सेल, पुस्तक बरोबर आहे. पण तू आता कुठे उभा आहेस?"

गेत्सेलने खाली पाहिलं. दार त्याच्या पाठीमागे चांगलं पाच पावलं दूर होतं.

"सात पंचावन्न," लेबिश म्हणाला.

गेत्सेलने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा फिशेलकडे. मग पुस्तक मिटून छातीशी धरलं आणि जागचा हलला नाही. "म्हण," तो म्हणाला. "बघतोस काय माझ्याकडे? म्हण की!"

फिशेल उभा राहिला. पहिला शब्द निघाला, दुसरा घशात अडकला. आरडाओरडा करून आवाज बसला होता, असं तो पुढे सगळ्यांना सांगत असे. ते खोटं होतं. त्याला रडू आलं होतं. तेव्हा गेत्सेलने तो शब्द उचलला, आणि मग दोघांनी मिळून शेवटपर्यंत कद्दीश म्हटली. बाकीचे "आमेन" म्हणाले, भिंतीपलीकडून पेर्लाही म्हणाली, आणि तिचं आमेन सगळ्यांत मोठं होतं.

मग आलुबुखाराची कडक दारू आली. दुसऱ्या पेल्यानंतर फिशेल हळूच म्हणाला, "गेत्सेल, एक सांगतो. मी पुस्तकांचे दाखले देतो ना, ते सगळं वरवरचं. खरं म्हणजे मला रब्बींनीच सांगितलं होतं. हॉस्पिटलात. 'फिशेल, पहिला अदार. पण मी सांगितलं म्हणून कोणाला सांगू नकोस, पुस्तकातून सिद्ध कर.'"

गेत्सेलने पेला खाली ठेवला. "कधी?"

"मंगळवारी. जायच्या आधीच्या."

"मी बुधवारी गेलो होतो," गेत्सेल म्हणाला. "मला म्हणाले, दुसरा अदार. कोणाला सांगू नकोस, पुस्तकातून सिद्ध कर."

सगळ्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा खरंच फिरत नव्हता.

"शेवटी शेवटी त्यांना काही आठवत नसेल," फिशेल म्हणाला. त्याला आतून फार वाईट वाटलं.

"सगळं आठवत होतं," लेबिश म्हणाला. आज तो तिसऱ्यांदा बोलत होता. "मी गुरुवारी गेलो होतो. मला म्हणाले, 'लेबिश, तू दोन्ही दिवशी जात जा आणि तोंड बंद ठेव.' मी विचारलं, का हो? तेव्हा त्यांनी छावणीतली गोष्ट सांगितली. तिथे पंचांग नव्हतं. त्यांच्या फळीवर एक शिंपी झोपायचा. वल्हांडणाचा सण कधी येतो यावरून दोघांचं भांडण लागलं. रब्बी म्हणायचे अमुक दिवशी, शिंपी म्हणायचा त्यानंतर नऊ दिवसांनी. हिवाळ्यात सुरू झालं ते सुटका होईपर्यंत. रात्री एक जण हिशेब मांडायचा, सकाळी दुसरा तो मोडायचा. रब्बी म्हणाले, 'लेबिश, आजूबाजूला माणसं पटापट मरत होती. आम्हा दोघांना मरायला सवडच झाली नाही. मी आधी मेलो असतो तर तो जिंकला असता ना.'"

"मग बरोबर कोण होतं?" गेत्सेलने विचारलं.

"कोणीच नाही. दोघंही महिन्याने चुकले होते." लेबिशने हेरिंगचा तुकडा तोंडात टाकला. "मग म्हणाले, 'या दोघांचं एकमत झालं तर वर्षातून एकदा माझी आठवण काढतील आणि घरी जातील. भांडले तर रोज काढतील.'"

फिशेल खाली मान घालून बसला. तीन वर्षं रोज सकाळी पडदा ओढताना आपण पहिलं नाव कोणाचं घेत होतो ते त्याला आठवलं. रब्बींचंच. रब्बींनी काय म्हटलं असतं, रब्बींनी गेत्सेलला कसं सुनावलं असतं, रब्बींना कुठलं वाक्य आवडलं असतं. त्याने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि समोर पाहिलं. गेत्सेलची दाढीही ओली झाली होती.

मग फिशेलने टेबलावर अशी मूठ आपटली की बाटली कलंडली.

"पण मला मंगळवारी सांगितलं!" तो ओरडला. "आधी सांगितलं तेच खरं!"

"मूर्खा!" गेत्सेल उठून उभा राहिला. "नंतर सांगितलं तेच खरं! काढ पुस्तक!"