उपासाच्या मिठाचा दृष्टांत

दादाजीनं मीठ सोडलं, ही बातमी आसगावभर पोचवली ती खुद्द दादाजीनंच. त्याग झाकून ठेवावा, हे तो दर कीर्तनात ऐकत आलेला. पण ऐकताना दोन्ही हात मृदंगावर असायचे, तेव्हा थोडंफार निसटून जात असेल.

झालं होतं असं. नागपूरकडच्या डॉक्टरांचं एक पथक पवनी तालुक्यात किडनीच्या आजारावर संशोधन करत होतं. किडनी थोडी बिघडलेली, पण अजून डायलिसिसवर न आलेली, अशा माणसांनी जेवणातलं मीठ निम्म्यावर आणलं तर ती किती टिकते, हे त्यांना पाहायचं होतं. आसगावातून दादाजी त्यात होता, तलावावर मासे धरणारा फकिरा होता, आणखीही बरेच होते. गावचं काम पथकातली तृप्ती बघायची. तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "काकाजी, किडनी अशीच खालावत गेली तर डायलिसिस लागेल. त्यासाठी हातातल्या नसा जोडून ठेवतात. मग त्या हातानं मृदंग बडवता येणार नाही."

बाकी दादाजीला किती कळलं ते पांडुरंग जाणे, एवढं मात्र पक्कं कळलं. घरी येऊन त्यानं कौशल्याबाईला हुकूम सोडला, "आजपासून आपल्या घरी मीठ बंद." निम्मं नाही, पुरतं बंद. निम्मी भक्ती दादाजीला कधी जमलीच नाही.

कीर्तनकार तुलाराम महाराजांच्या कानावर हे गेलं. त्यांनी भर कीर्तनात सांगितलं, "जिभेवरचा ताबा पाहायला हिमालयात जायला नको. आमच्या मृदंगवाल्याकडे बघा." दादाजीनं नम्रपणे मान खाली घातली आणि पुढची थाप जरा जोरातच दिली.

पोटात मीठ किती गेलं, ते लघवीतून कळतं. म्हणून अधूनमधून एक दिवस अन् एक रात्र सगळी लघवी पांढऱ्या कॅनमध्ये साठवून द्यावी लागे. दादाजी तो कॅन दुपट्ट्याखाली असा लपवून न्यायचा की बघणाऱ्याला वाटावं, माणूस कोंबडी चोरून चालला.

एक दिवस तृप्ती दुपारीच ओसरीवर येऊन बसली.

"काकाजी, खरं सांगा. मीठ खाता ना?"

"पांडुरंगाची आण, बाई. चिमूटभर नाई."

"कॅन तर वेगळंच सांगतो. मीठ उतरलं नाही, उलट चढलं. तुमचं एकट्याचं नाही, इथल्या सगळ्यांचंच. मोठे डॉक्टर म्हणतात, आसगाव ऐकत नसेल तर ते गाव यातून काढून टाका."

दादाजीला राग आला. मशीन खोटं बोलत असेल, असंही तो म्हणाला असता, पण तेवढ्यात कौशल्याबाईनं आतून हाक दिली, "जेवतेस का वो पोरी? वरण-भात हाये."

तृप्ती जेवायला बसली. पहिलाच घास तिनं तोंडात धरून ठेवला.

"काकू, यात तर मीठ आहे."

"नाई वो माय. हे उपासाचं हाये. यायले दुसरं चालत नाई." कौशल्याबाईनं देव्हाऱ्याशेजारची बरणी पुढं केली. गुलाबी सेंधा मीठ, काठोकाठ.

"काकाजी, हेही मीठच आहे."

"पन एकादशीले चालते ना?"

"एकादशीला चालतं. किडनीला नाही."

"अन् मी म्हनो," कौशल्याबाई म्हणाली, "हे पडते तरी किती? भाजी खारटच होत नोहती, म्हून वरून अजून टाको."

तृप्तीनं कपाळाला हात लावला. "आणि बाकीचे लोक कोणतं खातात?"

दादाजी बरणीकडे पाहू लागला. कौशल्याबाईनं मात्र नवऱ्याला पाठीशी घातलं नाही. "यायनंच तं सांगतलं साऱ्यायले. पवनीहून पोतं आनलं न् परसादासारखं घरोघरी वाटलं."

दादाजीनं आपला डावा हात उलटासुलटा करून पाहिला. या हातानं तो मृदंगाची धुम, म्हणजे खर्जाची बाजू, वाजवायचा. हात अजून होता. गाव मात्र त्यानं पुण्य समजून खारवून ठेवलं होतं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "डॉक्टरसायेबाले म्हना, एक बार अजून कॅन घ्या. गावाले मी सांगतो."

"सगळ्यांना कसं सांगाल?"

"बिघडवलं तसंच."

त्या संध्याकाळी कीर्तन होतं. महाराज दृष्टांताला आले, तोच दादाजी गळ्यातल्या मृदंगासकट पुढं झाला. "महाराज, आजचा दृष्टांत मी देतो. मूर्ख मानूस कथेत शोधाची गरज नाई, घरचाच हाये." आणि त्यानं सगळं सांगितलं: वरण, बरणी, पोतं. शेवटी म्हणाला, "चित्रगुप्त वर कुठीसा बसते, असं मी समजो. तो तं पांढऱ्या कॅनमंधी बसून राहिला होता, माह्याच दुपट्ट्याखाली."

मंडप हसला. मागून फकिरा ओरडला, "का गा दादाजी, मी तं त्या मिठात मासोळ्या खारवल्या. पुन्य लागन म्हून."

"स्तुती तर मीच केली होती," महाराज म्हणाले. "म्हणजे एक कॅन मलाही द्यावा लागेल."

दुसऱ्या दिवशी घराघरातून गुलाबी मीठ परत आलं. काही बायांनी ते देताना असे काही शब्द ऐकवले की दादाजीला तेच खारट लागले. कौशल्याबाईचं वरण आता लसूण-मिरचीवर चालू लागलं.

पुढच्या खेपेला कॅनचा दिवस नेमका कीर्तनाचा निघाला. दादाजीनं कॅन उघडपणे हातात धरून आणला आणि मंडपामागं ठेवला. मधेच तो चुळबुळू लागला तसे महाराज थांबले. "जाऊन या. ताल गेला तरी चालेल, थेंब जाऊ नये."

काही दिवसांनी तृप्ती सांगत आली. दादाजीचं मीठ निम्म्यावर आलं होतं, गावाचंही उतरलं होतं, आसगाव संशोधनात राहणार होतं. दादाजीची किडनी सुधारली नव्हती.

"पण घसरलीही नाही. आहे तिथंच आहे," ती म्हणाली. "सध्या तरी वाजवा."

ही बातमी दादाजीनं गावात कोणालाही सांगितली नाही. फक्त फकिराला सांगितली, आणि कोणाला सांगू नको म्हणून बजावलं. फकिरा तेव्हा मासोळ्या घेऊन बाजारालाच निघाला होता.