भुरीची राखण

भुरी मला पहिल्यांदा चावली तेव्हा मी तिच्याच वाटीतलं पाणी बदलत होते. मी हात झटकला, तशी ती घुरघुरत, पुढचे पंजे उगारून पुन्हा अंगावर आली. उशीच्या अभ्र्यात मावेल एवढीशी आमची सशाची मादी, लग्नाआधीपासून माझ्या मांडीवर झोपलेली.

"सवत आलीय तुला," चिमीचा बाबा म्हणाला. "मला बघ काही करते का."

त्याला काही करत नव्हती. चिमीला तर नाहीच. आमची लेक तिचे कान ओढायची, पाठीवर थापा मारायची, आणि भुरी डोळे मिटून बसायची. मी आतल्या खोलीत पाय टाकला की मात्र तिचे कान मागे पडायचे.

मी घरी पडदे शिवते. पूर्वी चिमी मला मशीनवर टेकू द्यायची नाही. हल्ली मात्र तिला आतल्या खोलीत, जमिनीवरच्या गादीवर ठेवलं की हूं नाही की चूं नाही. गुणाची गं माझी बाय, म्हणत मी एका बैठकीत पडद्याच्या चारी कडा संपवायचे. सुख वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मनगटावर नव्या चाव्याला जागा उरली नाही तेव्हा भुरीला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिला अलगद उताणं केलं. छाती गुलाबी, उघडीबोडकी.

"हिला वाटतंय, आपल्याला पिल्लं झालीत," बाई म्हणाल्या. "होतं असं माद्यांना. पोटात काही नसतं, पण हिच्या मनात आहे. स्वतःचे केस उपटून घरटं करायचं आणि जवळ येईल त्याला चावायचं. जरा निवळली की गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन करू."

"तोवर मी काय करू? घरात लहान मूल आहे."

"वरून हात घालू नका. वरून घार येते. खाली बसा, बाजूने जा, हळू. चावली तरी हात झटकायचा नाही, नाहीतर ती शिकते, चावलं की ही पळते. मारायचं तर मुळीच नाही. आणि घरटं एवढ्यात मोडू नका."

"घरटं नाहीच आहे. पिंजरा रोज झाडते मी."

"एवढे केस गेले कुठे मग?" बाई हसल्या. "सहज नाही सापडायचं. पिल्लांना झाकून ठेवतात, दिवसातून एखाद्या वेळी दूध पाजायला जातात. बाकी वेळ पिल्लं गप्प. आवाज केला तर कोणी येऊन खाईल ना."

मी घरी आले तसा चिमीचा बाबा कामावर गेला. टोपली उघडली, तर भुरी पिंजऱ्याकडे फिरकलीसुद्धा नाही. तडक आतल्या खोलीत. मी मागोमाग गेले आणि चिमीच्या अंगावरची गोधडी वर केली.

गादीत खळगा पडला होता. त्यात कापसासारखे दाट भुरे केस, मध्ये माझ्या मशीनखालचे दोरे, पडद्यांच्या चिंध्या. मधोमध चिमी, गुडघे पोटाशी, नाकापर्यंत झाकलेली. डोळे उघडे.

"चिमे," मी म्हटलं.

तिने हात पुढे केले नाहीत. मी वाकले तशी ती अंग चोरून आणखी चपटी झाली. माझी लेक मला भीत होती.

मी तिला उचलायला गेले आणि भुरीने तळव्यात दात रुतवले. या वेळी मी हात झटकला नाही. तसाच राहू दिला, आणि हळूहळू जमिनीवर आडवी झाले. कुशीवर वळून बाजूबाजूने सरकत राहिले. भुरी घुरघुरत होती. मी पुटपुटत होते, "रड गं राणी. एकदा रड. आईसाठी रड."

चिमी रडली नाही. भुरीनेच दात सोडले. माझे केस हुंगले, गाल हुंगला, मग कपाळ चाटायला लागली. खरखरीत, ऊन जीभ. मी गादीच्या खळग्यात शिरले, बटणं सोडली. चिमीने वास घेतला, तोंड शोधत आली आणि घटाघटा प्यायला लागली. तिची मूठ माझ्या बोटाभोवती मिटली. माझी पोर माझ्याकडे परत आली होती, मग मला रडू का येत होतं कोण जाणे.

भुरी पोटावरचे उरलेसुरले केस उपटून माझ्या खांद्यावर पसरत होती. किती ऊबदार होतं. चिमी झाल्यापासून मला कुणी असं पांघरूण घातलं नव्हतं.

कुलूप वाजलं तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं.

"अगं, आहेस ना? मशीन उघडंच टाकलंयस."

ओ द्यायला मी तोंड उघडलं. उंबऱ्यात जाऊन बसलेल्या भुरीने मागचा पाय जमिनीवर आपटला. चिमीने दूध सोडलं आणि श्वास धरला. माझे गुडघे आपोआप पोटाशी आले.

"चिमे? कुठे गेल्या या दोघी?"

पावलं खोलीकडे यायला लागली. भुरी घुरघुरली. मी लेकीला छातीशी घट्ट धरलं, आणि आम्ही दोघींनी आवाज केला नाही.